मुंब्र्याच्या दगडात न सापडणारा प्राणी

पावसाळा संपला की सहावीच्या मुलांना मी मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याशी घेऊन जातो. मागच्या वर्षी एक मुलगा मूठ घट्ट मिटून धावत आला. मुठीत पांढरा, टोकदार दगड होता. "सर, डायनासोरचा दात!"

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून "हो" म्हणावेसे वाटले. पण मुलांना खोटे सांगून कसे चालेल? मी सर्वांना खडकावर बसवले.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत दिसणारा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. पारसिकचा डोंगर, पलीकडचा मलंगगड, सगळे त्याचेच. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत वाहिला. तो थिजताना आत पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरे स्फटिक वाढले. त्याचा 'दात' त्यांतलाच होता. उकळत्या रसात हाडे कुठली टिकणार?

"मग जुने प्राणी कुठे मिळतात?"

त्यासाठी थेट गडचिरोलीच्या पलीकडे जावे लागते. तेलंगणातल्या पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात कुंदारम गाव आहे. तिथे लाल मातीचा खडक आहे. नद्यांच्या गाळात प्राणी हळूहळू पुरले गेले, म्हणून हाडे राहिली. तिथेच एंडोथिओडॉन सापडला. २००० साली त्याच्या एका जातीला प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव मिळाले.

हा प्राणी २५ कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा डायनासोर जन्मालाही आले नव्हते. तोंडाला पुढे चोच आणि आत दातांच्या ओळी. खालचा जबडा मागे सरकवत तो पाला चिरून खाई. दिसायला बोजड, पण नात्याने पालीपेक्षा आपल्या गाईबकऱ्यांना जवळचा. कुंदारमचा लहान, आफ्रिकेतले त्याचे भाऊबंद चांगलेच मोठे. ब्राझीलमध्येही ते सापडले, कारण तेव्हा हे सारे भूभाग एकमेकांना जोडलेले होते.

पुढे सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड लाव्हा उसळला, हवा आणि समुद्र बिघडले, आणि पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी संपली.

मुलगा पायाखालच्या दगडाकडे बघत राहिला. "सर, हाही लाव्हाच ना? मग याच्या वेळीही कुणी मेले?"

"याच काळात डायनासोर संपले," मी म्हणालो. "आकाशातून एक मोठा दगडही पडला होता. दोघांत कुणाचा दोष किती, यावर विद्वान अजून वाद घालतात."

त्याने स्फटिक पुन्हा मुठीत घेतला. परतताना लांब पल्ल्याची एक गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरत होती. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा त्याच लाव्ह्यातून कोरलेला आहे. मुले हात हलवत राहिली. तो मात्र डोंगराकडे पाहत होता.