लाईट आणि थ्री फेज
(द्वितीय वर्ष, कला)

भाषाशास्त्राच्या तासाला 'अर्थविस्तार' आणि 'अर्थसंकोच' या दोन संज्ञा शिकलो. 'तेल' म्हणजे मुळात तिळाचे. पुढे शेंगदाण्याचे, करडईचेही तेलच झाले. उलट 'मृग' म्हणजे पूर्वी कोणताही वन्य पशू. आता केवळ हरिण. ही उदाहरणे उतरवून घेताना मला आमच्या घरातला एक शब्द आठवत होता : लाईट.

इंग्रजीत त्याचा अर्थ प्रकाश. पण आमच्याकडे वीज प्रथम दिव्याच्या रूपाने दिसली आणि सगळी वीजच 'लाईट' झाली. पंखा लाईटवर फिरतो, पिठाची गिरणी लाईटवर चालते, दारात येते ते लाईटबिल. अर्थविस्ताराचे याहून चांगले उदाहरण कोणते?

गंमत पुढेच आहे. घरात दिवा जळत असतो. आई म्हणते, "लाईट हाय की." ओट्यावरून आबा म्हणतात, "कुठंय लाईट?" आणि दोघेही खरेच बोलत असतात! घरच्या दिव्याला एक फेज आणि एक न्यूट्रल पुरते. दाब 230 व्होल्ट. विहिरीवरच्या मोटारीला मात्र तिन्ही फेज हवेत. प्रत्येक तारेतला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, पण एक तार दुसरीच्या एक-तृतीयांश आवर्तन मागे असते. या पाठशिवणीतून मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ती फिरू लागते. एकाच फेजवर ती नुसती घुमते आणि शेवटी जळते. म्हणून आबांच्या लेखी लाईट म्हणजे थ्री फेज. शाळेची पायरी न चढलेल्या आबांनी विस्तारलेला शब्द पुन्हा आवळून घेतला आहे. हा अर्थसंकोच!

आमच्या शिवारात थ्री फेज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आबा बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला दारे धरायला जातात. थंडीचे दिवस, गार पाण्यात पाय, बांधावर विंचूकाट्याचे भय. त्या वेळी मी घरात दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेला असतो. लाईटचा मोठा अर्थ माझ्या वाट्याला आला, लहान अर्थ त्यांच्या. माझी फी निघते ती मात्र त्या लहान अर्थातून.

गावोगाव वीज पोहोचली, असे कोणी अभिमानाने सांगू लागले, की आता माझ्या मनात दोन प्रश्न येतात. कोणती वीज? आणि किती वाजता?