परातीतील बूच

आमच्या थोरल्या बंधूंनी उतारवयात एक जुने मोटार-घर विकत घेतले, हे वर्तमान प्रथम कानी आले तेव्हा आम्हांस बरे वाटले नाही. मोटारीची कटकट आणि घराची कटकट एकाच छपराखाली आणून ठेवण्यात कोणते शहाणपण, असा आमचा प्रश्न होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे ओहायो राज्यात दोन महिने राहण्याचा योग आला आणि अंगणात उभे असलेले ते धूड आम्ही प्रत्यक्ष पाहिले. १९८५ सालच्या फोर्डच्या ई-३५० सांगाड्यावर अख्खे बिऱ्हाड थाटलेले: ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा व त्यावर बिछाना, मागे शेगडी, मोरी आणि चार माणसांचे जेवणाचे टेबल. इंजिन साडेसात लिटरचे आणि त्याच्या पाठीस ‘सी-सिक्स’ नावाची तीन गतींची स्वयंचलित गिअरपेटी. फोर्डने ही पेटी १९६६ सालच्या गाड्यांपासून बसविण्यास आरंभ केला व दणकटपणाबद्दल तिचा लौकिक अद्याप आहे.

दादाला गाडीपेक्षाही गाडीबरोबर आलेल्या कागदांचा अभिमान अधिक. पूर्वीच्या मालकाने चाळीस वर्षांच्या पावत्या एका जाड फायलीत लावून ठेवल्या होत्या. त्यांपैकी तिहींवर ‘गिअरपेटीचे तेल व गाळणी बदलली’ असे स्वच्छ लिहिलेले. दादा ती फाईल पाहुण्यांना पोथीसारखी उघडून दाखवीत असे. वहिनी म्हणत, “गाडी कागदावर चालते का?”

वहिनींचे म्हणणे नुसती थट्टा नव्हती. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. यलोस्टोनचे उष्ण पाण्याचे फवारे एकदा डोळ्यांनी पाहावेत, ही त्यांची फार दिवसांची इच्छा; सप्टेंबरात जाण्याचे ठरलेही होते. वाट दीड हजार मैलांहून अधिक लांबीची, शेवटी आठ हजार फुटांवरील खिंडी. अशा एखाद्या चढावर, जेथे कोसच्या कोस वस्ती नाही, गाडीने मान टाकली तर काय करावयाचे, हा विचार त्यांच्या मनात होता व आमच्याही.

तरीही गिअरपेटी उघडण्यास दादा राजी नव्हता. जुन्या पेटीच्या तेलास हात लावू नये, अशी या छंदिष्ट मंडळींत एक समजूत आहे. पेटीतील घर्षण-चकत्या झिजून त्यांची पूड तेलात मिसळते, पुढे त्या पुडीच्या खरखरीवरच चकत्या पकड धरतात आणि नवे निर्मळ तेल घातले की त्या घसरू लागतात, असे सांगतात. यात तथ्य इतकेच दिसते की जी पेटी मुळातच अखेरच्या घटका मोजीत असते, तिचा मृत्यू नव्या तेलाच्या नावावर लिहिला जातो. वैद्यास उशिरा बोलावून अपयश त्याच्या माथी मारावे, तसा हा प्रकार.

या पेटीत तेल हे केवळ वंगण नव्हे. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलच पुढे नेते, चकत्यांना दाबून धरते तेही तेल आणि उष्णता वाहून नेते तेही तेल. पंप हे सारे तेल तळच्या परातीतून एका गाळणीवाटे ओढतो. गाळणी तुंबली की पंप उपाशी, दाब कमी, चकत्या घसरतात, तापतात व जळतात. साधी मोटार कधीमधी ओझे वाहते. मोटार-घराच्या पाठीवर ते सदैव असते. (जाता जाता एक गोष्ट. १९७० च्या सुमारास अमेरिकेत बंदी येईपर्यंत अशा तेलांत देवमाशाचे तेल मिसळीत असत. या रुक्ष यंत्राच्या पोटात एके काळी समुद्रातला केवढा प्राणी नांदत होता, हे ऐकून आमच्यातला वाङ्मयाचा अध्यापक काही वेळ गाडीखालीच रेंगाळला.)

अखेर वहिनींनी निर्वाणीचे सांगितले, “आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मी बसणार नाही.” दुसऱ्या दिवशी चाकांना लाकडी ठोकळे लावून आम्ही दोघे भाऊ गाडीखाली शिरलो. दादा जन्मभर पुलांचा इंजिनिअर. पाना त्याच्या हाती, बॅटरी आमच्या हाती. परातीस तेल सोडण्याचे छिद्रच नसते. सतरा बोल्ट थोडेथोडे सैल करून तिचा एक कोपरा खाली झुकवावयाचा आणि तेल ओघळेल ते झेलावयाचे. झेलण्यास वहिनींनी टर्की भाजण्याचे मोठे पातेले दिले. त्यात मावले नाही ते आमच्या सदऱ्याने झेलले.

परात उतरली. तळाशी करडा लेप होता, आणि त्या लेपात बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे एक पिवळे बूच पडलेले होते. दादाने ते उचलून पुसले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खुलासा केला. कारखान्यात तेल मोजण्याच्या पट्टीची नळी बसेपर्यंत तिचे भोक बुचाने बंद ठेवीत. नळी बसविताना बूच आत ढकलले जाई व परातीत जाऊन निमूटपणे पडून राही. परात पहिल्यांदा उघडेल तेव्हाच ते बाहेर यावयाचे. म्हणजे चाळीस वर्षांत ही परात कोणीही उघडलेली नव्हती! तीन पावत्या होत्या, तीन वेळा पैसे दिले होते, आणि गाळणी मूळचीच.

“कुणी तरी आठवण म्हणून परत आत ठेवले असेल,” दादा म्हणाला. वहिनीसुद्धा हसल्या नाहीत.

त्या अज्ञात कारागिरावर आम्ही मनात बराच कोरडा ओढला. मग आम्हांस आमच्या कॉलेजातला मार्च महिना आठवला. ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला’ या ओळीखाली आम्ही कित्येक वर्षे सही करीत आलो आहोत, आणि त्यांतल्या निदान तीन-चार वर्षी ‘हॅम्लेट’चा पाचवा अंक आमच्याकडून उघडलाच गेला नव्हता. ही हकीकत तेथे सांगण्याचे धैर्य काही झाले नाही.

सुदैव असे की, पाहणी अनुकूल निघाली. लेप चिमटीत चोळला तर मऊ लागला. धातूचे कपचे टोचले नाहीत. तेल तपकिरी झाले होते, पण त्यास जळका वास नव्हता. गाळणीचा एक कोपरा तेवढा तुंबला होता. जुने गॅस्केट दगडासारखे होऊन चिकटलेले; ते खरवडण्यात तास गेला. नवी गाळणी, नवे गॅस्केट, आणि बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे, बेताने आवळलेले. जोर केला तर परातीची कडच वाकते. परातीत उतरते ते सुमारे निम्मेच तेल, उरलेले कन्व्हर्टरच्या पोटात राहते. त्याचा स्क्रू वेगळा काढून दादाने तेही सोडले. अकरा-बारा लिटर नवे लाल तेल गेले. गाडी फिरवून आणली, इंजिन चालू ठेवूनच पट्टी पाहिली. चढावर गिअर पडला तो पूर्वीइतकाच ठाम.

संध्याकाळी दादाने फाईल काढली. बूच एका पाकिटात घालून त्या तीन पावत्यांशेजारी लावले आणि कोऱ्या कागदावर तारीख, मैल व केलेले काम स्वतःच्या अक्षरात लिहिले. वहिनींनी तो कागद आमच्यापुढे सरकवला.

“भावोजी, साक्षीदार म्हणून तुम्हीही सही करा.”

आम्ही लेखणी हाती घेतली, ती खाली ठेवली, आणि बॅटरी घेऊन पुन्हा एकदा गाडीखाली वाकून पाहून आलो.