पावसाने नेलेला चुना

दोन वर्षं परड्यातला पालक चार बोटांवर येऊन थांबला आणि पिवळा पडला. शेजारच्याच वाफ्यात रताळ्याचे वेल मात्र माजलेले. शेणखत दोघांना सारखंच घातलं होतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "जमीन आंबट हाय ही. हिला पालक नाय मानवायचा." मला ते पटेना.

वाफ्यात पाच ठिकाणी वीतभर खणून, खड्ड्याच्या कडेची माती खरवडली, सावलीत वाळवली आणि त्यातली अर्धा किलो तपासायला दिली. सामू आला 5.2. काकींचं बरोबर होतं. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, हे कळल्यावर मी ती दोन वर्षं पुन्हा आठवली. आमची रत्नागिरीची जांभ्याची तांबडी माती; वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस तिच्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. ते स्फुरद अडकवून ठेवतात, आणि आंबट मातीत विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांना वाढू देत नाही. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळं आखूड, जाड, टोकं करपल्यासारखी. मला फार वाईट वाटलं. मी खत घालत होते, पण ते घ्यायला त्याच्याकडे मुळंच नव्हती.

मग मातीचा आंबटपणा मारायला घाई केली. विरवलेला चुना ताज्या शेणात कालवला. असा झोंबणारा वास सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. शेणातलं नत्र अमोनिया होऊन हवेत चाललं होतं. चुना आणि शेण एकत्र करायचं नसतं, हे त्या दिवशी शिकले.

आता तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या धुऊन वाळवते आणि कुटून, चाळून त्यांची पूड करते. विरवलेल्या चुन्यापेक्षा ती सावकाश विरते, पण मला तीच बरी वाटते. भाद्रपदात पाऊस ओसरला की चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम पसरून वीतभर खोल मिसळते. कुजलेलं शेणखत त्यानंतर महिन्याने. चुलीतली राख लवकर लागू पडते, म्हणून मूठभरच.

दोन हंगामांनी सामू 5.9 झाला. गेल्या मार्गशीर्षात पालकाच्या पाच जुड्या निघाल्या, पहिली काकींना दिली. पुढच्या पावसात पुन्हा काही चुना वाहून जाणारच, म्हणून शिंपल्यांची टोपली मागच्या पडवीत भरत असते. रताळ्याच्या वाफ्याला मात्र मी काही घालत नाही. त्याचं या मातीशी जमलेलं आहे.