वऱ्हाड निघालंय पुण्याला!

"त्यांना पुणं आवडलं पाहिजे हं, नाहीतर आयुष्यभर टोमणे मला ऐकावे लागतील," असं बजावून ताई मेंदी काढायला बसली. वरपक्षाच्या बारा पाहुण्यांना लग्नाआधी दोन दिवस खिलवायची जबाबदारी माझ्यावर! पाहुणे नागपूरचे. (नागपूर वऱ्हाडात येत नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं.) म्हणजे सावजी रस्सा पचवणारे, आणि "जेवूनच आला असाल" हा आपल्यावरचा विनोद तोंडपाठ असलेले. टेन्शन येणारच ना!

पहिला मुक्काम नारायण पेठेत, बेडेकर मिसळ. आमच्या घरी ती जीव की प्राण. नवरदेवाच्या काकांनी एक घास घेतला आणि विचारलं, "काय बे, हिच्यात साखर सांडली का?" तर्री-पोह्यावर वाढलेला माणूस, त्याला ही गोडसर मिसळ, वर पावाऐवजी स्लाइस! मी वाद घातला नाही. सरळ सदाशिव पेठेत नेऊन सुजाताची मस्तानी पाजली. दाट दुधावरचा आइस्क्रीमचा गोळा बघून काका निवळले.

चितळ्यांकडे मात्र गंमत झाली. सगळे मुद्दाम दुपारी दोनला निघाले, 'एक ते चार बंद' ची पाटी बघायला. बाजीराव रोडचं दुकान 2017 पासून दुपारीही उघडं असतं म्हटल्यावर मंडळी चक्क हिरमुसली! बाकरवडी तेवढी पाच किलो घेतली.

संध्याकाळी काका कानाशी येऊन म्हणाले, "बसायचं कुठे?" आता 'बसणं' या क्रियापदाचा हा अर्थ आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवला नव्हता. तो हॉस्टेलवर कळला. महाराष्ट्रात बीअरला वय लागतं 21, कडक मालाला 25. मी वीसचा. म्हणजे या विषयात आपली फक्त थिअरी, प्रॅक्टिकल शून्य. पण थिअरी पक्की आहे. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे, पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणून तर पाटीवर 'परमिट रूम' लिहितात. शिवाय देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी डूलाली 2009 मध्ये पुण्यातच निघाली. काकांना इतिहासात रस नव्हता. डेक्कनच्या एका साध्या परमिट रूममध्ये ते बसले, मी लाइम सोडा आणि सगळ्यांचे शेंगदाणे संपवले.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे आजोबा म्हणाले, "मला एकट्यालाच गुडलकला ने." ते तरुणपणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, मग बदली होऊन अंबाझरीला गेले. गुडलक 1935 पासून डेक्कनवर आहे. पगाराच्या दिवशी सायकलवरून इथे यायचे म्हणे. बन मस्का आला. त्यांनी तो चहात बुडवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही गप्प. ताई परवा जाणार, हे मला तोपर्यंत नीट सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझी ताई चहात साखर किती घेते रे?"

"दीड चमचा. आणि आलं नको, तिला आवडत नाही."

आजोबांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं.