आमची इमर्जन्सी

२००६ साली वडिलांनी ती इमर्जन्सी लाईट कराडहून आणली तेव्हा आजोबा म्हणाले, "नाव तरी दुसरं काढा. आणीबाणी एकदा एकवीस महिने भोगून झालीय." पण दुकानदार तेच म्हणाला होता, खोक्यावरही तेच छापलेलं होतं. आठ दिवसांत आजोबाच हाक मारायला लागले, "अरे, ती इमर्जन्सी आण इकडं."

दिसायला साधीच. पांढऱ्या प्लॅस्टिकचं अंग, डोक्यावर मूठ, पुढं बोटभर जाडीच्या दोन ट्यूब. उचलली की मात्र हात जरा खाली जायचा, कारण पोटात पाऊण किलोची शिशाची बॅटरी होती. पाठीमागे एक छोटा कप्पा. त्यात काळी वायर गुंडाळून ठेवायची, असं कंपनीला वाटत होतं. ती एकदा बाहेर काढल्यावर पुन्हा कधी त्यात मावली नाही.

तिच्याआधी घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. ओगलेवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तो घरचाच वाटायचा. अबोल म्हातारा. रॉकेल घाला, वात कातरा, राखेनं काच पुसा, एवढंच त्याचं मागणं. वर्षभर खुंटीवर विसरलात तरी काडी ओढल्यावर रुसायचा नाही. इमर्जन्सीचा स्वभाव याच्या उलट आहे, हे कळायला आम्हाला सहा-सात वर्षं लागली.

तो काळ लोडशेडिंगचा. कोयना आमच्याच जिल्ह्यात, १९६० मेगावॉटचा प्रकल्प, आणि आम्ही दिवसाचे दहा-बारा तास चाचपडत. वेळापत्रक पेपरात यायचं आणि पाठ होईस्तोवर बदलायचं. इमर्जन्सीच्या कुशीला तीन घरांचं बटण होतं: बंद, चालू आणि ऑटो. ऑटोवर ठेवून प्लग लावून ठेवला की लाईट गेल्या क्षणी ती आपली आपण लागायची. कुणी काडेपेटी शोधायची नाही की भिंत धरून उठायचं नाही. आजीला याचं फार अप्रूप. दिवेलागणीला बल्ब लागला की ती हात जोडायची, लाईट गेली की इमर्जन्सीला जोडायची, परत आली की पुन्हा बल्बला. एका संध्याकाळी तीन-तीन नमस्कार.

पण याच आज्ञाधारकपणानं घात व्हायचा. दुपारी दोनला लाईट गेली तरी बाई हजर. सगळे शेतात, घर कुलपात, अंगणात रणरणतं ऊन आणि ही ओट्याशेजारी इमानेइतबारे जळत बसलेली. संध्याकाळी खरं काम पडायचं तेव्हा ट्यूबची टोकं तेवढी तांबूस दिसायची. मग आई ऑटोच्या घरावर चिकटपट्टी लावायची, ताई ती काढायची, आणि अंधारात दोघींची जुंपायची.

खोक्यावर चार तास लिहिलं होतं. ते एकच ट्यूब लावली तर, हे खाली बारीक अक्षरात. ताईनं दहावीच्या पुस्तकातलं गणित घालून पाहिलं: सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तास, म्हणजे सत्तावीस वॉट-तास. सहा-सहा वॉटच्या दोन ट्यूब. कागदावर सव्वादोन तास, प्रत्यक्षात त्याहून कमीच. तेवढ्यात जेवणं, भांडी, ताईचा अभ्यास आणि आजोबांचा पेपर बसवायचा. एकदा रात्री गाय अडली आणि वडील इमर्जन्सी घेऊन गोठ्यात गेले. वासराचे पुढचे पाय दिसायला लागले नि उजेड पिवळट होत चालला. आईनं पळत जाऊन प्रभाकर पेटवून आणला. वासरू दोन उजेडांत जन्मलं, म्हातारा एका बाजूला आणि ही दुसऱ्या.

चार्जिंगचं तर विचारू नका. सोबतच्या कागदावर 'सलग दहा तास' असं बजावलेलं. "सलग दहा तास लाईट असती तर हिला आणलीच कशाला असती?" हा आजोबांचा सवाल, आणि त्याला कुणाकडेही उत्तर नव्हतं. ती बिचारी मिळेल तेव्हा दोन घास खायची, तासभर आता, दीड तास पहाटे. त्यातही स्वयंपाकघरात प्लग एकच, त्यावर मिक्सर आणि मोबाईलही टपलेले. रात्री निजताना वडील दोन प्रश्न विचारायचे. गुरांना पाणी दाखवलं का, आणि इमर्जन्सी चार्जिंगला लावली का.

मग लोडशेडिंग कमी होत गेलं. घरात इन्व्हर्टर आला. एका रात्री शेवटची वापरून, पार मंद झालेली इमर्जन्सी कुणीतरी फडताळावर ठेवली. कुणीतरी म्हणजे मीच. चार्जिंगला लावायची राहून गेली. पुढं दोन वर्षं तिचं नाव निघालं नाही.

पावसाळ्यात वादळानं खांब पडले आणि गाव दोन दिवस अंधारात गेलं. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपला. इमर्जन्सी काढली, धूळ पुसली, बटण दाबलं. काही नाही. लाईट आल्यावर प्लग लावला तर लाल दिवा लागला. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी प्लग काढला आणि पुन्हा अंधार.

कराडच्या मिस्त्रीनं चार स्क्रू काढून मीटरच्या सुया टेकवल्या. सहाच्या वर असायला हवं तिथं तीनही नव्हते.

"रोज जाळून काही वर्षांनी गेली असती, तर पटलं असतं," तो म्हणाला. "ही काम करून नाही गेली दादा. बसून मेली."

मग त्यानं समजावलं. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं, पण तसंच राहिलं तर त्याचे खडे होतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नुसती ठेवली तरी ती थोडी थोडी उतरत असते, म्हणून काम असो-नसो, दोन महिन्यांनी खायला घालायचं. इतकी वर्षं अर्धपोटी राबली तेव्हा टिकली आणि आराम दिला तेव्हा गेली. मी मान खाली घातली.

"लिथियमची टाका ना," मी म्हटलं. तर त्याला आतला चार्जरही बदलावा लागतो, नुसती बॅटरी घालणं धोक्याचं. म्हणून शिशाचीच नवी बसवली, ट्यूब काढून तीन वॉटची एलईडी पट्टी लावली. पोट तेवढंच, सत्तावीस वॉट-तासांचं, पण आता रात्रभर पुरते. जुनी बॅटरी त्यानं ठेवून घेतली. भंगारात शिशाला भाव असतो, आणि आत तेजाब असल्यानं ती उकिरड्यावर टाकायची नसते.

आता दर अमावस्येला आई तिला तासभर जाळते आणि रात्री चार्जिंगला लावते. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पडून असेल तर आज काढा. लाल दिवा लागला म्हणून फसू नका. सकाळी प्लग काढा आणि मग बटण दाबून बघा.