पराभवाचा जमाखर्च

क्रीडांगणावरील वीरांची चरित्रे वाचण्याचा आम्हांस नाद आहे. प्राध्यापकास हे व्यसन शोभत नाही, असे आमचे काही स्नेही म्हणतात. परंतु मनुष्यस्वभावाचा जो धडा शेक्सपिअरच्या पाच अंकांत सापडतो, तो मैदानावर कधीकधी एका चेंडूतही सापडतो, असे आमचे नम्र मत आहे.

सध्या आमच्या चिंतनाचा विषय आहे पार्क चान-हो हा कोरियन बेसबॉलपटू. क्रिकेटमध्ये जे काम गोलंदाजाचे, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे. १९७३ साली गोंग्जू येथे जन्मलेला हा तरुण १९९४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघातून खेळला आणि अमेरिकेच्या मेजर लीगमधील पहिला दक्षिण कोरियन ठरला. दोन सामने होतात न होतात तोच त्याची रवानगी खालच्या लीगमध्ये झाली. तेथे कसून तो परतला व २००० साली त्याने १८ विजय मिळवले. १९९७ च्या अखेरीस कोरियास नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले, तेव्हा खचलेली माणसे सकाळी त्याचा खेळ पाहून धीर धरीत.

पण विक्रमांच्या वहीत त्याचे नाव कोठे आढळते? १९९९ साली फर्नांडो टाटिसने एकाच डावात दोनदा, तिन्ही तळ भरलेले असताना, होमरन मारले. दोन्ही चेंडू पार्कचे! ५ ऑक्टोबर २००१ रोजी बॅरी बाँड्सने हंगामातील ७१ वा होमरन मारून नवा विक्रम केला व पाठोपाठ ७२ वाही ठोकला. तेही चेंडू पार्कचेच! तो सामना डॉजर्सनी ११-१० असा जिंकला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

वाचकहो, त्या हंगामात बाँड्सला १७७ वेळा पहिला तळ फुकट मिळाला होता. त्याच्याशी सामना टाळणाऱ्यांची नावे विक्रमात येत नाहीत, आणि त्यांना कोणी हसतही नाही. जो समोर उभा राहून चेंडू टाकतो, त्याच्याच माथी दुसऱ्याच्या पराक्रमाची तारीख कोरली जाते.

पुढे टेक्सासने पाच वर्षांसाठी साडेसहा कोटी डॉलर देऊन त्याला घेतले. दुखापतींनी त्याला गाठले आणि टीकाकारांचे फावले. तरी तो संघामागून संघ बदलीत खेळतच राहिला. १ ऑक्टोबर २०१० रोजी पिट्सबर्गकडून त्याने १२४ वा विजय मिळवला व जपानच्या हिदेओ नोमोचा १२३ चा, आशियाई खेळाडूंतील उच्चांक मागे टाकला. मग एक हंगाम जपानात काढून, २०१२ साली स्वदेशी हानह्वा संघाकडून खेळून त्याने निवृत्ती घेतली.

आपल्या सुशिक्षित घरांत मुलाचे गुणपत्रक हाती आले की प्रथम दृष्टी जाते ती तांबड्या रेघेवर. ती रेघ खोटी नसते. परंतु परीक्षेस न बसलेल्याच्या वाट्यास ती कधीच येत नाही, एवढे पालकांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.