आमची मोटार आणि चाकांची खुर्ची

मोटार विकत घ्यावयाची म्हटले की आपण प्रथम किंमत विचारतो, मग एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर जाते ते विचारतो आणि शेवटी रंग ठरवितो. वाचकहो, मीही याहून निराळे काही करीत नसे. परंतु २०२४ साली आमच्या घरी मोटारीची निवड झाली ती एका घडीच्या चाकांच्या खुर्चीने केली. ती हकीगत तुम्हांस सांगावीशी वाटते. कारण तुमच्याही घरी कोणी वडील माणूस असेल, आणि आज नसले तरी पुढेमागे आपणच ते होणार आहोत.

आम्ही इंदूरचे. माझ्या लहानपणी मोटारीच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नसे. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट (तिचेच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाले) आणि काही वर्षे मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, एवढाच काय तो पसारा. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. आमच्या वाड्यासमोर एका डॉक्टरांची फियाट उभी असे. दर रविवारी सकाळी डॉक्टर धोतराचा काचा मारून तिच्या झाकणाखाली डोके घालीत आणि आम्ही मुले भोवती कोंडाळे करून उभे राहत असू. तेलाची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढून उन्हात धरायची, हा विधी आम्हांला एखाद्या पूजेइतका परिचित झाला होता. एकदा मिळालेली गाडी पुन्हा मिळण्यातली नसे, म्हणून मालकाला तिची नाडी ठाऊक असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि तो जमाना ओसरू लागला. अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोहोंचेही उत्पादन २०१४ साली थांबले. आता निवडीला तोटा नाही. मात्र झाकण उघडण्याची कला आम्ही बहुतेक विसरलो आहोत. निदान मी तरी विसरलो होतो.

माझी पहिली मोटार मी २०१० साली, नोकरीत असताना घेतली. छोटीशी, ठेंगणी, पेट्रोलवर चालणारी. तिचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष तिचा नव्हता. २०२२ मध्ये सौभाग्यवती न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. घरात त्या काठीच्या आधाराने चालू लागल्या. पण बाहेर जायचे तर चाकांची खुर्ची हवी. तेव्हापासून मोटार ही आमच्या घरातली चैनीची वस्तू राहिली नाही. व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोनदा जाणे, भगिनी मंडळाची बैठक, बहिणीकडचे हळदीकुंकू, सारे तिच्यावर अवलंबून होते.

२०२४ च्या मे महिन्यात यांनी नर्मदेचे दर्शन घ्यावयाची इच्छा दर्शविली. इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. पहाटे निघालो, घाटावर खुर्ची नेली, तासभर नदीकडे पाहत बसलो आणि जेवून दुपारी परत निघालो. हीच चूक. निमाडातून माळव्यात यायचे म्हणजे विंध्याची चढण चढावी लागते, आणि मेच्या दुपारी निमाड भट्टीसारखा तापलेला असतो. भेरूघाटात मालमोटारींची रांग लागली होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगाईच्या गतीने चढत असताना उष्णतामापकाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकू लागलेला मी पाहिला. होय, पाहिला. "घाट आता संपतच आला," असे म्हणून मी पुढे गेलो. दोन वळणांनंतर झाकणाच्या फटीतून वाफ निघाली आणि गाडी थांबली.

मी तडक उतरलो, झाकण उघडले आणि रेडिएटरचे टोपण फडक्याने धरून फिरविणार, एवढ्यात मागच्या मालमोटारीचा चालक धावत आला आणि त्याने माझे मनगट धरले. "बाबूजी, चेहरा भाजून घ्याल!" त्याने मला जे सांगितले ते मी एकेकाळी शाळेतच शिकलो होतो. बंद नळ्यांतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपण सैल करताच दाब उतरतो आणि त्याच पाण्याची क्षणात वाफ होऊन ते तोंडावर उसळते. काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि चक्क हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे यंत्रातली उष्णता आत ओढली जाते, हेही त्यानेच सांगितले. मेमध्ये हीटर! पण बरोबर आहे. माणसांना घाम फुटला तरी चालेल, यंत्राला फुटता कामा नये. आणि एवढ्यानेही काटा उतरला नाही, तर जागा पाहून थांबावे आणि यंत्र बंद करावे.

दीड तास आम्ही तिथे होतो. सावली नव्हती. सौभाग्यवतींना उतरवावे तर उताराचा अरुंद रस्ता, खुर्ची मांडायला जागा नाही, आणि शेजारून अवजड गाड्या जात होत्या. त्या आतच बसून राहिल्या, ओला रुमाल कपाळावर धरून. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

गाडी ओढून इंदूरला आणली. आमचे मिस्त्री जुने, मोजके बोलणारे. त्यांनी तेलाची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. तेल काळे किंवा तपकिरी असावे. ते दुधाळ चहासारखे झाले होते. पाणी तेलात मिसळले होते. यंत्राचा माथा अॅल्युमिनियमचा असतो, फार तापला की वाकतो आणि त्याखालचे गॅस्केट फुटते. मूळ कारण मात्र त्याहून साधे निघाले. पाण्याच्या एका रबरी नळीला बारीक चीर गेली होती. पाणी कमी होते हे मला तीन महिने ठाऊक होते. मी दर पंधरवड्याला आमच्या वसाहतीच्या विंधनविहिरीचे पाणी त्यात ओतीत होतो. "तहान लागलेल्याला पाणी दिलेत, पण त्याची जखम नाही पाहिलीत," मिस्त्री म्हणाले. त्या जड पाण्याचा क्षार आतल्या नाजूक वाटांत साचला होता. तिथे शीतक द्रव शुद्ध पाण्यात मिसळून भरायचा असतो, साधे पाणी नव्हे; त्याने उकळबिंदू वाढतो आणि गंजही टळतो. नळी काही शे रुपयांची. दुरुस्तीचे देयक झाले २८,००० रुपये.

पैशांचे दुःख आठवड्यात ओसरते. दुसरीच गोष्ट ओसरेना. घाटातल्या त्या दुपारनंतर सौभाग्यवतींनी कुठे जायचे नावच काढले नाही. उपचाराला त्या शेजारच्या रिक्षावाल्याला बोलावू लागल्या. मंडळाच्या बैठकीला "आज पाय दुखतो आहे", बहिणीकडे "पुढच्या महिन्यात पाहू". गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती, आणि तिच्याकडे त्या पाहत नसत. शेवटी मीच म्हणालो, "आपण नवी गाडी घेऊ या." त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, नवी घ्या. पण चूक गाडीची नव्हती, एवढे ध्यानात ठेवा."

जुन्या गाडीला १४ वर्षे झाली होती. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, गाडी तपासून घ्यावी लागते आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. ते करता आले असते. पण तिची बैठक ठेंगणी. खुब्याच्या दुखण्याच्या माणसाला तीत बसणे म्हणजे विहिरीत उतरणे. तेव्हा निवडीस लागलो, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजारच्या गृहस्थांनी गॅसच्या गाडीची स्तुती केली. पुण्याहून मुलीने दूरध्वनीवर सांगितले, "बाबा, आधी सुरक्षिततेचे तारे पाहा." हे तिचे म्हणणे रास्त होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या योजनेखाली गाड्या धडकवून त्यांची परीक्षा होते आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे दिले जातात. विजेवर चालणारी गाडीही मनात होती. परंतु आमच्या इमारतीत गाडी उभी करण्याच्या जागी विजेची सोय नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

गॅसचा मोह मात्र मला खरोखरच झाला होता. कागद घेऊन बसलो. आमचे फिरणे महिन्याला ४०० किलोमीटर. त्या वेळच्या भावाने पेट्रोलऐवजी गॅस वापरल्यास महिन्याकाठी सुमारे ९०० रुपये वाचत होते, आणि गॅसच्या गाडीला किंमत जास्त होती ९०,००० रुपये. म्हणजे वाढीव पैसे वसूल व्हायला शंभर महिने, आठ वर्षांहून अधिक! शेजाऱ्यांचे फिरणे महिन्याला २,००० किलोमीटर. त्यांचे पैसे वीस महिन्यांत वसूल झाले होते. ते त्यांच्या जागी बरोबर होते, पण त्यांचे गणित माझ्या वहीत सुटणारे नव्हते. कोणाचाही सल्ला घेताना प्रथम त्याचे महिन्याचे किलोमीटर विचारावेत, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो. शिवाय गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाब-तपासणी करून घ्यावी लागते, हे विक्रेत्यांपैकी कोणी आपणहून सांगितले नाही.

मग एके शनिवारी आम्ही दोघे चाकांची खुर्ची घेऊन विक्रेत्यांच्या दालनांत गेलो. ही कल्पना यांची. एका तरुण विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने छतातली काचेची खिडकी उघडून दाखविली, पडद्यावर गाणी लावली. यांनी शांतपणे विचारले, "बाळ, ही खुर्ची मागे ठेवून दाखवतोस का?" तो बिचारा गोंधळला, पण त्याने ठेवून पाहिली.

पहिली गाडी लांब डिकीची होती. खुर्ची उत्तम मावली, पण बैठक आमच्या जुन्या गाडीइतकीच खाली. दुसरी उंच, रुबाबदार, जी हल्ली घरोघरी दिसते. तिच्यात चढताना यांचा पाय जमिनीवरून सुटला आणि वर पोहोचला नाही, मी दंड धरला म्हणून निभावले. तिसरी उंच छपराची छोटी गाडी. या घाटाच्या गाड्या आपल्याकडे १९९८ मध्ये सँट्रो आणि १९९९ मध्ये वॅगनआर आल्यापासून रूढ आहेत आणि पुष्कळ लोक त्यांना डबा म्हणून हसतात. दार उघडले, यांनी पाठ केली आणि खाली न वाकता, वर न चढता त्या नुसत्या बसल्या. खुर्चीवर बसावे तशा. मग दोन्ही पाय आत घेतले. मला काही बोलावे लागले नाही. त्याच गाडीच्या गॅसच्या नमुन्यात मागची जागा टाकीने व्यापली होती आणि आमची खुर्ची काही केल्या मावेना. पेट्रोलच्या नमुन्यात मागची अर्धी बैठक पाडताच ती सरळ आत गेली. महिनाभर चाललेली माझी आकडेमोड खुर्चीने पाच मिनिटांत निकालात काढली.

एक हट्ट मात्र माझा होता. हल्लीच्या कित्येक गाड्यांत उष्णतामापकाचा काटा नसतो. यंत्र थंड असता निळा दिवा आणि फार तापले की तांबडा, एवढेच. तांबडा दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही घेतलेल्या गाडीतही काटा नव्हता. मी नाराज झालो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "काटा होता तेव्हा तरी तुम्ही कुठे त्याचे ऐकलेत?" असो.

जुनी गाडी विकताना मी घेणाऱ्या गृहस्थांना माथ्याच्या दुरुस्तीचे देयक दाखविले. त्यांनी तत्काळ १५,००० रुपये कमी केले. मित्रांनी मला वेड्यात काढले. पण त्या गाडीतूनही कोणीतरी कोणाला तरी घाटातून नेणारच होते.

आता रविवारी सकाळी मी झाकण उघडतो आणि सौभाग्यवती व्हरांड्यात खुर्चीवर बसून एकेक विचारतात. शीतक द्रव दोन खुणांच्या मध्ये आहे का? तेल? नळ्या दाबून पाहिल्यात का? स्टेपनीची हवा? स्टेपनीचे सांगायचे तर, जुन्या गाडीची विकते वेळी पाहिली तेव्हा तिच्या कडेवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन १० निघाले. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे तो टायर गाडीइतकाच जुना, रबर तडकलेले, आणि त्याच्या भरवशावर आम्ही १४ वर्षे हिंडत होतो. उत्तरे ऐकून त्या वहीत टिपून ठेवतात. एखादे उत्तर मी अंदाजाने दिले तर त्यांना कसे कळते कोण जाणे, पण कळते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका श्रावणसरीनंतरच्या सकाळी, त्या आपणहून म्हणाल्या, "नर्मदेला पूर आला असेल, नाही?" मी काही न बोलता खुर्चीची घडी केली. येताना भेरूघाट हिरवागार होता, ओढे वाहत होते. ते वळण आले तेव्हा मी पुढे पाहत राहिलो. "इथेच ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. चार वळणे पुढे, रस्ता रुंद झाल्यावर, एक म्हातारी निखाऱ्यांवर मक्याची कणसे भाजीत बसली होती. "गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. मी दचकून आधी दिव्याकडे पाहिले. "तसे नव्हे हो. दोन कणसे घ्या, आणि तिखट-लिंबू जरा जास्त लावायला सांगा."